चौकटीत न मावलेला संघ

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सोमवारच्या अंकात क्रीडा पानाच्या तळाशी आमच्या गावच्या संघावर, म्हणजे अमेरिकेतल्या क्लीव्हलँड ब्राउन्सच्या २०१७ च्या हंगामावर, एक चौकट आली आहे. 'सोळा सामने, सोळा पराभव आणि वर मिरवणूक!' असा मथळा आहे. ई-पेपरवर वाचली. हसूही आलं, खोटं कशाला बोलू? पण तिच्यात दोन चुका आहेत आणि एक अन्याय आहे, म्हणून हे पत्र. लांबलं तर खुशाल कात्री लावा, फक्त पिट्सबर्गचा भाग तेवढा ठेवा.

चुका आधी उरकतो. क्लीव्हलँड ब्राउन्सला 'हंगामभर एकही गोल करता आला नाही' असं आपण छापलंय. हा अमेरिकन फुटबॉल आहे. इथे गुण मोजतात, आणि त्यांनी २३४ गुण केले. खाल्ले ४१०, ही गोष्ट वेगळी. चौकट वाचून कोल्हापूरहून पुतण्याचा फोन आला, "काका, सोळात एक बी गोल नाही व्हय? आमच्या पेठेतली पोरं पाठवू काय?" शाहू स्टेडियमच्या कट्ट्यावर वाढलेलं पोर ते, त्याला फुटबॉल म्हटल्यावर दुसरं काय सुचणार? दुसरी चूक म्हणजे 'असं इतिहासात प्रथमच घडलं'. सोळाच्या सोळा हरण्याचा मान २००८ साली डेट्रॉइट लायन्सने आधीच घेतलाय. गंमत अशी, की हंगामापूर्वीचे चारही सराव सामने दोन्ही संघांनी जिंकले होते. गेल्या ऑगस्टमध्ये आमच्या ऑफिसातले लोक कॉफीच्या यंत्रापाशी "यंदा बघाच" म्हणत होते. मीही म्हणत होतो.

आता अन्याय. 'नालायक खेळाडूंचा संघ' असं आपल्या प्रतिनिधीने लिहिलंय. संघ कच्चा होता, कबूल. पण तो कच्चा ठेवला कुणी, हे त्या चार ओळींत कुठेच नाही.

यासाठी इथली रीत थोडी सांगावी लागेल. एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या मुख्य लीगमध्ये ३२ संघ आहेत. तळाला गेला म्हणून कुणी खालच्या गटात ढकलला जात नाही, कारण खालचा गटच नाही. टीव्हीच्या राष्ट्रीय करारांचे पैसे सर्वांना सारखे वाटले जातात, जिंका किंवा हरा. शिवाय दरवर्षी एप्रिलमध्ये कॉलेजांतून येणाऱ्या नव्या खेळाडूंची निवड होते, तिला ड्राफ्ट म्हणतात. तिथे सगळ्यात जास्त हरलेल्याला पहिला नंबर. आयपीएलच्या लिलावात ज्याच्या खिशात पैसा त्याने बोली लावायची. इथे पैशाऐवजी नंबर चालतो, आणि हे नंबर एकमेकांना विकताही येतात. यंदाचा वरचा नंबर देऊन पुढच्या वर्षीचे दोन-तीन घ्यायचे, असा तो व्यवहार.

आमच्या मालकांनी, जिमी हॅस्लम यांनी, २०१६ च्या सुरुवातीला संघाचा कारभार साशी ब्राउन या वकिलाकडे दिला आणि जोडीला बेसबॉलमधले आकडेतज्ज्ञ पॉल डीपोडेस्टा यांना आणलं. धोरण उघड होतं. दोन-तीन वर्षं मार खायचा, नंबर साठवायचे, मग घर बांधायचं. त्यांनी नंबर साठवलेही. एका खेळाडूचा जवळपास १६ दशलक्ष डॉलर पगार ह्यूस्टनच्या संघाकडून आपल्या अंगावर घेतला, का, तर त्याच्यासोबत ड्राफ्टचा एक नंबर मिळत होता. त्या खेळाडूला हंगाम सुरू व्हायच्या आधीच घरी पाठवलं. पैसे देऊन नंबर विकत घ्यायचा हा प्रकार इथेही लोकांनी फारसा पाहिला नव्हता.

आता पिट्सबर्गचा भाग. २०१६ मध्ये आमच्याकडे दुसरा नंबर होता. त्या जागी कार्सन वेन्ट्झ हा क्वार्टरबॅक मिळाला असता. क्वार्टरबॅक म्हणजे चेंडू फेकणारा, सगळा खेळ ज्याच्या हातून सुटतो तो. आमच्या मंडळींनी तो नंबर फिलाडेल्फियाला विकला आणि आठवा घेतला. आठवा टेनेसीला देऊन पंधरावा घेतला, शिवाय वर पुढच्या वर्षीचा दुसऱ्या फेरीतला एक. पंधराव्या नंबरवर कोरी कोलमन हा झेल घेणारा आला. पुढच्या वर्षीच्या त्या नंबरवर, म्हणजे बावन्नाव्या जागेवर, डिशोन काइझर हा एकवीस वर्षांचा क्वार्टरबॅक आला. शिकवायला मागे कुणी अनुभवी माणूस नाही, आणि थेट त्याच्याच हाती संघ. त्याचे २२ चेंडू प्रतिस्पर्ध्यांनी पकडले. पोराचं काय चुकलं?

३१ डिसेंबरला पिट्सबर्गमध्ये शेवटचा सामना झाला. पिट्सबर्गने आपले मोहरे बाहेर बसवले होते, तरी आम्ही २८-२४ ने मागे. शेवटची दोन मिनिटं राहिलेली. चार प्रयत्नांत दहा यार्ड सरकायचं असतं, त्यातला चौथा प्रयत्न, दोनच यार्ड हवे होते. काइझर धावता धावता फेकतो. चेंडू बरोबर जातो. कोलमन मोकळा उभा आहे, समोर गुणरेषा बारा-पंधरा पावलांवर. चेंडू त्याच्या दोन्ही तळव्यांवर येतो, आणि निसटतो.

टीव्हीसमोर आम्ही पाच जण होतो. कुणी ओरडलंसुद्धा नाही. दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात, त्यातलं कर्म कुणाचं होतं ते मात्र नीट पाहायला हवं. फेकणारा आणि सोडणारा, दोघंही त्या एकाच सौद्यातून घरात आले होते. दुसरा नंबर विकून आम्ही जे काही कमावलं, त्यातलं बरंचसं त्या क्षणी पडद्यावर होतं. तिकडे वेन्ट्झने फिलाडेल्फियाला यंदा अव्वल नेऊन ठेवलंय. डिसेंबरात तो जखमी झाला, पण संघ पुढे गेला. २०१७ मध्ये तोच प्रकार पुन्हा केला. बारावा नंबर ह्यूस्टनला विकला, त्यांनी डेशॉन वॉटसन घेतला, आणि दुखापत होईपर्यंत त्या पोराने नुसता धुमाकूळ घातला.

बरं, नंबर विकण्यात एवढे तरबेज लोक एक कागद वेळेत पाठवू शकले नाहीत. ३१ ऑक्टोबरला दुपारी चार वाजता अदलाबदलीची मुदत संपत होती. सिनसिनाटीच्या ए. जे. मॅकॅरन या क्वार्टरबॅकचा सौदा ठरला होता, दोन्ही बाजू राजी होत्या, पण आमचा कागद चारच्या आत लीगकडे पोचला नाही. सौदा फिसकटला. सरकारी खिडकीवर 'उद्या या' ऐकून मोठा झालेला माणूस मी, मला त्या दिवशी अगदी घरच्यासारखं वाटलं.

खेळाडू नालायक म्हणताना जो थॉमसचं नाव तरी घ्यायला हवं होतं. २००७ पासून क्वार्टरबॅकची डावी बाजू सांभाळणारा हा माणूस. सलग १०,३६३ वेळा खेळ सुरू झाला आणि प्रत्येक वेळी हा जागेवर होता. एकदाही बाहेर बसला नाही. तेही अशा संघात, की त्याच्या नशिबी प्ले-ऑफचा एक सामनासुद्धा आला नाही. २२ ऑक्टोबरला टेनेसीविरुद्ध त्याच्या दंडाचा स्नायू फाटला आणि ती साखळी तुटली. तो सामना आम्ही ज्यादा वेळेत १२-९ असा हरलो, हे सांगायची गरज नसावी.

१० डिसेंबरला ग्रीन बेविरुद्धचा सामना पाहायला मी शेजाऱ्यासोबत मैदानावर गेलो होतो. तो पोलादाच्या कारखान्यातून निवृत्त झालेला, पंच्याहत्तरीच्या पुढचा माणूस. १९६४ साली ब्राउन्सने बाल्टिमोरला २७-० ने हरवून विजेतेपद घेतलं, तेव्हा तो स्टेडियममध्ये होता. त्यानंतर एकही नाही. १९९५ च्या नोव्हेंबरात तेव्हाच्या मालकाने संघच उचलून बाल्टिमोरला न्यायचं जाहीर केलं. मी नुकताच इथे आलो होतो. चांगली मोठी माणसं दुकानाच्या रांगेत रडत होती, आणि मला वाटलं कुणीतरी गेलं. निघण्यापूर्वी घरच्या मैदानावरच्या शेवटच्या सामन्यात लोकांनी बसायची बाकं उखडून मैदानात फेकली. गावाने भांडून नाव, रंग आणि इतिहास मात्र ठेवून घेतला, आणि १९९९ साली नवा संघ उभा राहिला.

तर ग्रीन बे. चौथ्या सत्राच्या सुरुवातीला आम्ही २१-७ ने पुढे. शेजाऱ्याने थर्मासमधली कॉफी मला दिली आणि म्हणाला, "आता पिऊ नकोस, जिंकल्यावर पी." सतरा सेकंद राहिले असताना त्यांनी २१-२१ केलं. ज्यादा वेळेत काइझरला घेरलं, त्याने पडता पडता चेंडू उंच भिरकावला, तो त्यांनी पकडला. २७-२१. कॉफी गार झाली होती. गाडीत बसल्यावर त्याने ती माझ्याकडून परत घेतली आणि स्वतः प्यायला.

आता मिरवणूक. शनिवारी, ६ जानेवारीला, पारा शून्याच्या बराच खाली असताना तीनेक हजार माणसं स्टेडियमभोवती चालली. मीही चाललो. गोल चालायचं कारण, मिरवणुकीचा आकार शून्याचा व्हावा. नाकातलं पाणी मिशीवर गोठत होतं. आपण 'पराभव साजरा केला' असं छापलंय. साजरा कसला? सगळ्या पाट्या मालकाला उद्देशून होत्या. काही खेळाडू ट्विटरवर चिडले, ते मी समजू शकतो, हरताना अंग त्यांचंच मोडत होतं. पण लोक त्यांना हसत नव्हते. सोबत डबाबंद अन्न आणि पैसेही गोळा केले, ते गावच्या फूड बँकेला दिले. आपल्या चौकटीत याला जागा नव्हती, हे मला जास्त लागलं.

साशी ब्राउन यांना ७ डिसेंबरला काढलं, तेव्हा बारा हरून झाले होते. त्यांच्या जागी जॉन डॉर्सी आले. प्रशिक्षक ह्यू जॅक्सन मात्र राहिले. दोन हंगामांत ३२ पैकी १ विजय, आणि तिसरं वर्ष बहाल! पुन्हा अशी वेळ आली तर ईरी सरोवरात उडी मारीन, असं ते गेल्या वर्षी म्हणाले होते. शब्द पाळणार म्हणतात. सध्या काठाला बर्फ धरलाय.

शेजाऱ्याच्या गॅरेजात एक पांढरा फळा आहे. १९९९ पासून ब्राउन्सकडून सामना सुरू करणाऱ्या प्रत्येक क्वार्टरबॅकचं नाव त्यावर मार्करने लिहिलंय. काइझर आणि एकच सामना सुरू केलेला केविन होगन धरून २८ झाले. त्यात डग पीडरसन आहे, जो पुढे फिलाडेल्फियाचा मुख्य प्रशिक्षक झाला. म्हणजे वेन्ट्झ ज्याला मिळाला तोही आमच्याच फळ्यावरचा. २०१८ च्या ड्राफ्टमध्ये आमच्याकडे पहिला नंबर आहे आणि ह्यूस्टनकडून आलेला चौथाही. मिरवणुकीहून परतल्यावर शेजाऱ्याने हातमोजे न काढताच त्या फळ्याचा खालचा कोपरा पुसून कोरा केला. दोन नावं बसतील एवढी जागा झाली आहे.

गोलांची दुरुस्ती तेवढी जरूर छापा. पुतण्या रोज फोन करतोय.

आपला एक जुना वाचक,
क्लीव्हलँड, ओहायो
१० जानेवारी २०१८