सह्या झाल्या, चर्चा राहिली

महोदय,

गेल्या जूनमध्ये शाळा व्यवस्थापन समितीच्या पहिल्या बैठकीला गेलो, तेव्हा वर्षभराच्या सुट्ट्यांची यादी आणि परीक्षांच्या तारखा लॅमिनेशन होऊन ऑफिसच्या भिंतीवर लागल्याही होत्या. विषयपत्रिकेत मात्र 'वार्षिक नियोजनावर चर्चा' असं लिहिलेलं. मुख्याध्यापकांनी तारखा वाचून दाखवल्या आणि इतिवृत्ताची वही सह्यांसाठी फिरली. झाली चर्चा.

वही हातात आल्यावर शेजारच्या ताई म्हणाल्या, "सर, पहिल्या सत्राची परीक्षा दिवाळीच्या तोंडावर ठेवलीय. तोवर आमची टोळी गेलेली असते." सर भला माणूस. "वरून आलंय ताई, आपल्या हातात काय आहे?" एवढंच बोलले. पुढे व्हायचं तेच झालं. उसाच्या तोडणीसाठी मुकादमाचा ट्रक रात्रीच आला आणि सकाळी दुसरीच्या वर्गात हजेरी घेताना सात नावांवर कुणीच 'हजर' म्हणालं नाही. त्या सातही जणांची परीक्षा बुडाली. ती दहा दिवस अलीकडे घेतली असती तर कुणाचं काय बिघडलं असतं?

'वरून आलंय' हे उत्तर मला तेव्हाही पटलं नव्हतं, म्हणून कायदा उघडून पाहिला. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यातलं कलम 9 सांगतं की शैक्षणिक वर्षाचं वेळापत्रक ठरवणं हे स्थानिक प्राधिकरणाचं काम, म्हणजे जिल्हा परिषदेचं किंवा नगरपालिकेचं. स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळेल हे पाहण्याची जबाबदारीही याच कलमात आहे. कायद्याने दिवसांची किमान संख्या बांधून दिली आहे: पाचवीपर्यंत 200, सहावी ते आठवी 220. ते दिवस कोणते, हे कायद्यात कुठेही नाही. समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला हव्यात, असंही तोच कायदा म्हणतो. आता एवढे पालक बसवायचे ते काय वहीवर सह्या करायला? 2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानेही वेळापत्रक जिल्हा पातळीवर, जिल्हा परिषदेशी बोलून आखावं असं सुचवलं होतं. आणि तारखा हलतच नाहीत असं थोडंच आहे! उन्हामुळे विदर्भातल्या शाळा उरलेल्या राज्यापेक्षा उशिरा उघडतात, ते सगळ्यांना चालतं. मग ऊसतोडीच्या गावांनाच वेगळा न्याय का?

शिक्षकांची बाजूही आहे. प्रशिक्षणं, निवडणुकीची कामं, वरचेवर मागितली जाणारी माहिती यातून त्यांच्या हातात दिवस तरी किती उरतात! काही चाचण्या राज्यभर एकाच वेळी होतात, त्या गावापुरत्या हलवता येणार नाहीत हेही मान्य. पण शाळेने स्वतः घ्यायच्या परीक्षा, स्नेहसंमेलन, मुख्याध्यापकांच्या अधिकारातल्या सुट्ट्या, उन्हाळ्यातली सकाळची शाळा यावर पालकांना विचारायला कुणाची परवानगी लागते? टोळ्या कधी निघतात आणि कधी परततात, हे गावात कुणीही सांगेल. विचारलं तर.

बैठकीच्या वेळेचंही तेच. सकाळी अकराला बोलावलं की रोजंदारीवर जाणाऱ्या आया येत नाहीत, आणि मग 'पालकांना रस नाही' असा शेरा पडतो. हाजरी बुडवून यायचं, तेही ठरलेल्या तारखा ऐकायला? मीही आलो नसतो.

जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाला माझी विनंती एवढीच आहे: पुढच्या वर्षाचा मसुदा मार्च संपायच्या आत प्रत्येक समितीकडे पाठवावा, ज्या गावांतून टोळ्या जातात तिथल्या समित्यांना शाळेच्या परीक्षा अलीकडे घेण्याची लेखी मुभा द्यावी आणि ही बैठक संध्याकाळी सातनंतर ठेवावी. लॅमिनेशन त्यानंतर करावं.

– शाळा व्यवस्थापन समितीचा एक पालक सदस्य