नेत्रावळीच्या दादांना, तंबू गुंडाळायला शिकवल्याबद्दल

दादा, सप्रेम नमस्कार.

नाव लिहू नका म्हणालात, म्हणून लिहीत नाही. पण आभार चारचौघांत मानायचे ते मानणारच.

तंबू विकणारे भेटले, भाड्याने देणारे भेटले, सहली काढणारेही भेटले. सगळ्यांचं पालुपद एकच: ‘कोंबा पिशवीत, वॉटरप्रूफ आहे, काही होत नाही.’ होतं! कापडाच्या आतल्या अंगाला बहुधा पॉलियुरेथेनचा लेप असतो. ओल आणि उष्मा मिळून तोच लेप खातात. आधी तो चिकट होतो, मग कुबट वास मारतो, शेवटी पापुद्रे सुटतात. आपल्या गोव्याच्या दमट हवेत ओला तंबू दोन-चार दिवस बांधून ठेवला तरी बुरशी धरते, आणि ते काळे ठिपके सहसा धुऊन जात नाहीत. एवढं सांगायला पैसे पडत नव्हते, तरी पैसे घेणाऱ्यांपैकी कुणीच सांगितलं नाही.

तुम्ही करून दाखवलंत. डिसेंबरची सकाळ, तुमच्या कुळागरात, म्हणजे बागेत, पोफळींवरून दव ठिबकतंय, गाडीवाला हॉर्नवर हॉर्न देतोय. आमच्या गटाने गुंडाळलेला तंबू तुम्ही उचललात, तळाच्या शिवणीवरून हाताची पालथी बाजू फिरवलीत आणि काही न बोलता तो पुन्हा उलगडलात. कपाळावर आठी नाही, ‘एवढंही कळत नाही?’ नाही. खांद्यावरचा स्वतःचा पंचा काढून तळाची खालची बाजू आणि वरच्या आच्छादनाचं आतलं अंग पुसलंत. श्वासाची वाफ तिथेच पाणी होऊन जमते, बाहेरून हात लावून ती कळत नाही. त्या पंच्यासाठी हे पत्र आहे, दादा. परक्याच्या वस्तूला इतक्या घाईत आपलं म्हणून हात लावणारी माणसं आहेत, हे बघून जीव निवला.

बाकीचंही ध्यानात आहे. तंबूच्या काठ्या कापडाच्या नेफ्यातून ढकलत काढायच्या. ओढल्या की सांधे आतच सुटतात. काठ्यांची घडी मधल्या सांध्यापासून घालायची, म्हणजे आतल्या लवचीक दोरीला दोन्हीकडे सारखा ताण बसतो. जांभ्याच्या मातीत रुतलेली खुंटी तंबूची पट्टी ओढून काढली तर शिवण उसवते. दुसऱ्या खुंटीचा आकडा अडकवून ती ठोकली त्याच रेषेत उपसायची. माती पुसून, मोजून, वेगळ्या पिशवीत. तंबूच्या घडीची रुंदी काठ्यांच्या पिशवीएवढी, आणि गुंडाळी दाराच्या दिशेने, चेन थोडी उघडी ठेवून, म्हणजे हवा कोंडत नाही.

घरी आल्यावर तंबू सावलीत दोरीवर वाळवला, कारण कडक ऊन नायलॉनला कमजोर करतं. आता तो सुती खोळीत सैलसर ठेवलाय, काठ्या वेगळ्या. पावसाळाभर तसाच राहील.

मनापासून आभार, दादा.

आपल्या कुळागरात राहून गेलेल्यांपैकी एक