जॉर्डी पेशंटशी बोलताना

प्रिय अनघा,

इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट म्हणून निघालीस, अभिनंदन! परीक्षेसाठी घोटलेलं इंग्रजी तिथं पुरणार नाही, म्हणून हे पत्र.

टाईन नदीकाठची माणसं म्हणजे जॉर्डी, आणि त्यांची बोलीही जॉर्डीच. हे जॉर्जचं लाडकं रूप. ते का चिकटलं, यावर वाद आहे. कोणी १७४५ चं जेकोबाइट बंड, म्हणजे पदच्युत स्टुअर्ट घराण्याला गादीवर आणायचा उठाव सांगतं, तेव्हा न्यूकॅसल दुसऱ्या जॉर्ज राजाच्या बाजूनं राहिलं. कोणी रेल्वेवाल्या जॉर्ज स्टीफन्सनचा १८१५ चा खाणदिवा सांगतं, त्यालाही 'जॉर्डी' म्हणत. मला विचारशील तर तिथल्या कोळशाच्या खाणीत जॉर्ज नावाचे लोकच फार होते, एवढं कारण पुरे.

तुला आधी अडवतील ते स्वर. जुन्या वळणाच्या बोलण्यात 'वर्क' ऐकू येतं 'वॉक'सारखं, आणि चालणं होतं 'वाक'. म्हाताऱ्या पेशंटला "चालता येतं का?" विचारलंस तर तो कामाबद्दल बोलू लागेल. त्यापेक्षा दाराकडे बोट दाखव. शब्दांमधले प, ट, क अर्धवट गिळतात, त्यामुळे फोनवर जास्त पंचाईत. औषधाचं नाव स्पेलिंगसकट घे.

'हीड' म्हणजे डोकं, 'लग' कान, 'स्पेल्क' बोटात घुसलेली कुसळ. 'फेमर' हे मांडीचं हाड समजू नकोस, अशक्त माणसाला तसं म्हणतात. 'आयॅम बॅड' म्हणजे आजारी आहे. 'कॅनी' म्हणजे छान, पण 'कॅनी सोअर' म्हटलं तर बरंच दुखतंय. नोंदीत हलकं लिहू नकोस. एकटा माणूस 'गिव्ह अस' म्हणून स्वतःसाठीच मागतो. 'वॉर लास' म्हणजे त्याची बायको, आपल्याकडच्या 'आमची ही'सारखं. 'पेट', 'हिनी' म्हटलं तर रागावू नकोस, सगळ्यांनाच म्हणतात. तरुण पिढीचं बोलणं पुष्कळ सौम्य आहे.

एक मात्र सांभाळ. संडरलंड वीसेक किलोमीटरवर, पण तिथल्या माणसाला जॉर्डी म्हटलंस तर संपलंच! ते मॅकम. 'मेक'चा उच्चार 'मॅक' करतात, त्यावरून हे नाव पडलं असं मानतात. मिडल्सब्रोचे स्मॉगी, कारखान्यांच्या धुरावरून. 'चल'साठी न्यूकॅसलला 'हाउवे', संडरलंडला 'हावे'. फुटबॉलच्या दिवशी हा एक स्वर भांडणाला पुरतो. पेशंट कुठला हे कळत नसेल तर गाव विचार, टोपणनाव लावू नकोस. आणि त्यांची नक्कल तर मुळीच नको, निदान पहिलं वर्षभर.

पोचलीस की कळव.

तुझी,
मेधा