सातेरीच्या पेटीतले नर कापायची एवढी घाई कशाला?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या शेतीच्या पानावर मधमाशीपालनाचा लेख वाचला. चांगला होता, पण त्यात एक सल्ला होता की नर माश्या नुसत्या मध खातात, तेव्हा पोळ्यात नरांचे कोष दिसले की सुरीने कापून टाका. हा सल्ला परदेशी मेलिफेरा माशी पाळणाऱ्यांना थोडाफार लागू पडेल, पण आमच्या डोंगरात देशी सातेरी माशी आहे आणि माझ्यासारखे काहीजण पूर्ण मेणपत्रा (कामकरी माश्यांच्या घरांचे ठसे असलेला मेणाचा पत्रा) न लावता फ्रेमला वर फक्त मेणाची पट्टी चिकटवतात, खालचं पोळं माशी तिच्या मनाने बांधते. तिथे असं सरसकट कापत सुटलात तर फायदा कमी आणि ताप जास्त.

आता मध कमी होतो हे काही खोटं नाही. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातले थॉमस सीली यांनी मेलिफेरावर केलेला प्रयोग २००२ साली छापून आलाय, ज्या पेट्यांत पाचवा हिस्सा पोळी नरांची होती त्यांनी सरासरी २५ किलो मध केला आणि ज्यांत नव्हती त्यांनी ४९ च्या आसपास. म्हणजे निम्म्याचा फरक, आणि जो माणूस ट्रकमध्ये पेट्या घालून राजस्थानात मोहरीवर नेतो त्याला हे परवडणार नाही, त्याने मेणपत्रा वापरावा, बरोबरच आहे. पण मोकळं पोळं बांधू दिलं की माशी नर करणारच, आणि तुम्ही तुकडा कापला की त्या भोकात ती बहुतेक वेळा परत नराचंच घर बांधते. त्या मेणासाठी परत मध खर्च, तो कोण मोजतो?

दुसरं कारण वरोआ या माश्यांवरच्या किडीचं सांगतात. युरोपात नरांची फ्रेम मुद्दाम देतात आणि कोष बंद झाल्यावर, नर बाहेर यायच्या आत ती काढून टाकतात, कारण ही कीड नरांच्या कोषात जास्त जाते. अंड्यापासून नर बाहेर यायला २४ दिवस लागतात, त्यात विसरलात की किडीची नर्सरीच तयार. पण वरोआ मुळात सातेरीच्याच जातीवरची कीड आहे हो, सातेरीत ती वाढते ती नरांच्याच कोषात, कामकरी पिल्लांत तिचा वंश वाढत नाही, त्यामुळे सातेरी तिला पुरून उरते. मग मेलिफेराचं औषध हिला कशाला?

खरा मुद्दा पुढेच आहे. राणी हवेत उडून दहा-वीस नरांशी जुळते. आसपास नर कमी असले आणि नात्यातलेच भेटले तर फलित अंड्यांतूनही काही नर निघतात, कामकरी माश्या त्या अळ्या खाऊन टाकतात आणि पोळ्यावर पिल्लांची घरं ठिगळासारखी रिकामी दिसायला लागतात. मग लोक म्हणतात राणी खराब निघाली. सगळ्या खोऱ्यात प्रत्येकाने आपापले नर कापले तर नव्या राणीने जायचं कुठे? आणि ज्यांना वसाहत विभागायची आहे त्यांनी तर हिशेब उलटा धरावा, मेलिफेराची राणी १६ दिवसांत निघते, पण नर निघून तयार व्हायला महिन्याच्या वर जातो, म्हणजे नर आधी पाहिजेत.

मग करायचं काय, तर नरांची पोळी जिथे दिसेल ती फ्रेम कापू नका, पिल्लांच्या मधून काढून कडेला सरकवा, पिल्लं निघाली की माश्या तिथे मध भरतात. नवी पट्टीची फ्रेम द्यायची ती वसाहत लहान असताना किंवा राणी नवी असताना द्या, दोन सरळ पोळ्यांच्या मधे, तेव्हा बहुतेक कामकरी घरं बांधतात. फुटायला आलेल्या (म्हणजे थवा वेगळा निघायच्या बेतात असलेल्या) भरगच्च पेटीत रिकामी फ्रेम दिली की नर बांधणारच, तक्रार करू नका.

काळजी करायची ती वेगळ्याच वेळी. नर पोळ्याच्या खालच्या कडेला मोठ्या घरांत असतील, सातेरीत तर त्यांच्या झाकणाला बारीक भोकही असतं, ते सगळं ठीक. पण कामकरी माशीच्या लहान घरांत फुगीर झाकणं इकडेतिकडे दिसली तर राणी संपत आलीय समजा, आणि एकेका घरात दोन-तीन अंडी दिसली तर राणी गेली आणि कामकरीच अंडी घालतायत. तेव्हा सुरी नाही, नवी राणी किंवा दुसऱ्या पेटीत मिसळणं.

२०२२ साली आमच्याच तालुक्यातलं मांघर देशातलं पहिलं मधाचं गाव झालं, अजून गावं होतायत, नवी पोरं पेट्या घेतायत आणि पेपरात आलेलं खरं मानून चालतायत. म्हणून विनंती की पुढचा लेख छापताना सातेरी आणि मेलिफेराचं वेगवेगळं छापा.

कळावे,
एक मधपाळ,
ता. महाबळेश्वर, जि. सातारा