प्रकरणाच्या माथ्यावरच्या दोन ओळी

मा. संपादक,

ऐतिहासिक प्रणयकादंबरीत प्रकरणाच्या माथ्यावर लावणीची ओळ, बखरीतले वाक्य किंवा जुन्या पत्राचा तुकडा छापण्याची पद्धत मराठीत चांगली रुळली आहे. पद्धत छानच. पण कादंबरीच्या पोटातली चूक वाचक ‘कादंबरीच ती’ म्हणून सोडून देतो. माथ्यावरचे अवतरण मात्र तो पुरावा समजतो आणि व्हॉट्सॲपवर पुढे पाठवतो. म्हणून तिथे जास्त काटेकोरपणा हवा.

पानिपतच्या पराभवाची बातमी कळवणारा सांकेतिक निरोप घ्या. ग्रँट डफने १८२६ साली इंग्रजीत लिहिलेल्या मराठ्यांच्या इतिहासात दोन मोती, २७ मोहरा आणि मोजदाद नसलेली चांदी-तांबे एवढेच आहे. आज फिरणाऱ्या मजकुरात लाख बांगडीही फुटते. लेखकाने हवा तो पाठ घ्यावा, पण कुठून घेतला ते सांगावे.

सर्वांत जास्त घोटाळा तारखांचा. अवतरणाखाली मजकूर लिहिल्याचे साल हवे, घटनेचे नव्हे. मल्हार रामराव चिटणिसांची बखर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीची. तिच्यातल्या वाक्याखाली ‘१६७४’ छापले की ते राज्याभिषेकाला हजर असलेल्या माणसाचे वाटते. इसवी सन काढायला शकात ७८ मिळवायचे हे सगळ्यांना ठाऊक असते, पण जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९ मिळवावे लागतात, हे निसटते. पेशवाई कागदांतली सुहूर सन ही वेगळी कालगणना मृग नक्षत्राला सुरू होते: तिच्यात मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. सुहूर सन ११६१ हे १७६० की १७६१, हे महिन्यावर ठरते.

आपल्या मुंबई-वसईच्या कथानकांत आणखी एक खड्डा आहे. पोर्तुगीज १५८२ पासूनच नव्या कालगणनेवर होते, इंग्रज १७५२ पर्यंत जुन्या. त्यामुळे वसईच्या वेढ्यातल्या एकाच दिवशी लिहिलेल्या पोर्तुगीज आणि मुंबईच्या इंग्रजी कागदांवर ११ दिवसांचा फरक दिसतो. शिवाय इंग्रजांचे वर्ष तेव्हा २५ मार्चला बदले. त्यांचा फेब्रुवारी १७३८ म्हणजे आपला फेब्रुवारी १७३९. हे न पाहता पत्रे लावली, तर उत्तर आधी आणि पत्र नंतर!

लावणीचे थोडे वेगळे. थोरला बाजीराव १७४० साली गेला. लावणीकार होनाजी जन्मला त्यानंतर. तरीही त्या काळातल्या प्रकरणावर होनाजीची ओळ चालते, कारण माथा हा लेखकाचा. तीच ओळ नायिका आत गुणगुणू लागली की मात्र फसले. आणि ‘होनाजी बाळा’ हा एक माणूस नव्हे: रचणारा होनाजी, गाणारा बाळा.

प्रेसमध्ये दोन गोष्टी बिघडतात. मुद्रितशोधक १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी ‘केलें’चे ‘केले’ करून टाकतो. हस्तलिखितात अवतरणाशेजारी ‘जसेच्या तसे’ असा शेरा लिहावा. दुसरे, ओळी कुठेही मोडतात. मोठ्या अभंगाचे चरण ६, ६, ६, ४ अक्षरांचे, तिथेच तोडावे. मोरोपंतांच्या आर्या बहुतेक गीती या प्रकारच्या आहेत. गीतीची ३० मात्रांची ओळ अरुंद पानात मावत नाही, ती बाराव्या मात्रेनंतर मोडावी. ई-बुकात वाचक अक्षर मोठे करतो, तेव्हाही हा तोड टिकेल असे बघावे.

परवानगीचा प्रश्नही आहे. कवीच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे स्वामित्वहक्क चालतो. भा. रा. तांबे (मृत्यू १९४१) आणि मर्ढेकर (१९५६) आता मोकळे आहेत. कुसुमाग्रज (१९९९) २०५९ च्या अखेरपर्यंत नाहीत. ‘दोनच ओळी आहेत’ ही सबब भरवशाची नाही. गाथासप्तशती या प्राचीन प्राकृत काव्यसंग्रहातली मूळ गाथा सर्वांची, पण तिचा आधुनिक मराठी अनुवाद अनुवादकाचा.

स्वतःच ओळ रचून माथ्यावर ठेवायलाही हरकत नाही. वॉल्टर स्कॉट हवे ते अवतरण सापडेना तेव्हा स्वतः ओळी रचून खाली ‘जुने नाटक’ असे लिहीत असे, आणि पुढे त्याने ते कबूलही केले. आपल्याकडे कबुलीच राहून जाते. रचलेल्या ओळीखाली ‘जुन्या दप्तरातून’ असे लिहिणे ही शुद्ध फसवणूक.

प्रकाशकांकडे मागणी साधी आहे. पुस्तकाच्या शेवटी ‘अवतरणांची नोंद’ द्यावी: प्रकरण क्रमांक, ग्रंथ, संपादक, आवृत्तीचे साल, पान. अभंग असेल तर अभंगांच्या गाथेची आवृत्ती हवीच, कारण क्रमांक आवृत्तीगणिक बदलतात. लेखकाने रचलेल्या ओळींपुढे तसे स्पष्ट लिहावे. तीस प्रकरणांची नोंद बारीक टाइपात दोन पानांत बसते, आणि १६ पानी फर्म्याच्या (एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांच्या गटाच्या) हिशेबात शेवटी तेवढी पाने बहुधा कोरीच सुटतात. कागद महागल्याचे कारण तेवढे कुणी सांगू नये.

– एक ग्रंथसंपादक, दादर, मुंबई