काका, तुमच्या ‘थांब’साठी

तीर्थस्वरूप काकांना,
शि. सा. न. वि. वि.

गॅरेजात माझं वर्कशॉप मांडायला तुम्ही जी मदत केलीत, त्याबद्दल तुमचे आभार समोरासमोर मानायचा मी दोनदा प्रयत्न केला. एकदा तुम्ही चहा मागितलात, आणि एकदा “पाऊस येईल, निघतो” म्हणून उठलात. म्हणून हे चारचौघांत लिहितेय. तुमचा नातू मोबाईलवरून मोठ्याने वाचून दाखवणार आहे. मध्येच उठू नका, एवढीच विनंती.

त्या सकाळी मी गॅरेजचं शटर अर्धं वर करून लोखंडाच्या पट्टीवर कानस चालवत होते. तुम्ही पिशवी घेऊन पार्ल्याच्या बाजारात निघाला होतात. रस्त्यातच उभे राहिलात. “थांबा ताई,” म्हणालात, “कानस पुढे जाताना कापते. मागे येताना उचला, नाहीतर दात मरतात.” आणि चालू पडलात. मी उचलून पाहिली. पट्टीचा कीस पडायला लागला, कानशीचा आवाजसुद्धा बदलला. दुसऱ्या दिवशी मी तुमच्या वाटेकडे डोळे लावून बसले होते.

हे गॅरेज आजोबांनी फियाटसाठी बांधलेलं. नऊ फूट रुंद, सतरा फूट खोल. गाडी विकल्यावर बाबांनी तिथे सुतारकाम मांडलं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा आमच्या गॅरेजात मांडीपर्यंत पाणी होतं. बाबांचे रंधे, पटाश्या, गुण्या रात्रभर त्या पाण्यात पडून होते. नंतर त्यांनी एकेक वस्तू पुसली, तेल लावलं, जुन्या धोतरात गुंडाळून ठेवली आणि पुन्हा कधी हात लावला नाही. ते गेल्यावर कितीतरी वर्षं शटर बंदच होतं. मी ते उघडलं तेव्हा आधी एकाला ठेका दिला. त्याने पार्टिकल बोर्डाची कपाटं भिंतीला ठोकली आणि पहिल्याच पावसाळ्यात ती पावासारखी फुगली. पैसे गेलेच, पण उमेदही गेली होती. तुम्ही भेटलात ते नेमके तेव्हा.

तुम्ही परळच्या गिरणीत मेकॅनिक खात्यात फिटर होतात. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा वय तेहतीस, घरात दोन लहान मुलं. अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार त्या संपात होते, आणि कितीतरी जण पुन्हा गिरणीच्या आत गेलेच नाहीत. तुम्हीही नाही. मग कुर्ल्याच्या लहान वर्कशॉपांमध्ये लेथवर उभे राहिलात ते थेट सत्तरीपर्यंत. हे सगळं तुम्ही तुकड्यातुकड्याने सांगितलंत, तेही मी विचारलं म्हणून. आपणहून सांगितलीत ती एकच गोष्ट. दोन्ही पंजे माझ्यासमोर धरलेत आणि म्हणालात, “मोज. दहाच्या दहा आहेत.”

माझ्याकडे तेव्हा यादी होती. टेबल सॉ (टेबलात बसवलेली विजेची करवत), ड्रिल प्रेस, ग्राइंडर. नागदेवी स्ट्रीटला जाऊन भावही काढून आले होते. तुम्ही यादी वाचलीत, घडी घालून परत दिलीत आणि विचारलंत, “इथे बनवणार काय?” मला पटकन सांगता येईना. शेवटी म्हटलं, स्टुलं, फळ्या, भाच्यांना खेळणी, घरातली मोडतोड. “मग खडू आण.”

जमिनीवर आपण खऱ्या मापाने सगळं काढलं. टेबल, ड्रिल, मधोमध टेबल सॉ. मग तुम्ही माझ्या खांद्यावर आठ फुटी पट्टी दिलीत आणि म्हणालात, आता फिर. तीन ठिकाणी अडले. प्लायची शीट आठ बाय चारची आणि खोली नऊ फूट रुंद. सॉ मध्ये ठेवला असता तर शीट आत आणून वळवायलाच जागा नव्हती, कापायची तर गोष्टच सोडा. तुम्ही चपलेने सॉची चौकट पुसून टाकलीत. “सहा महिने हातकरवतीने काप. अडलं तर घे.” मोठे तुकडे मी प्लायवाल्याकडूनच कापून आणते, बाकीचे इथे कापते. सहा महिने कधीच उलटले, सॉ अजून लागलेला नाही. ती मधली मोकळी जागा आता मी कुठल्याही मशीनसाठी देणार नाही. स्वतःचं वर्कशॉप मांडायला निघालेल्या प्रत्येकाला मी आधी खडू घ्यायला सांगते.

मग भिंत. मी पांढरा रंग द्यायला निघाले होते, तिथेही तुम्ही थांबवलंत. २००५ च्या पाण्याचा मळका पट्टा भिंतीवर अजून दिसत होता. तुम्ही पाणसळ धरलीत, त्या पट्ट्याच्या वर सहा इंचांवर निळीत बुडवलेली दोरी ताणलीत आणि चारही भिंतींवर रेघ मारलीत. “याच्या खाली काही ठेवायचं नाही. वीज तर नाहीच नाही.” समोरचा रस्ता दर वेळी उंच होत गेला आणि गॅरेज खाली राहिलं, मुंबईतल्या कितीतरी जुन्या घरांसारखं. त्यामुळे पाणी येणार हे धरूनच चालायचं, असं तुमचं म्हणणं. प्लग साडेचार फुटांवर घेतले. हत्यारं, लाकूड, कपाटं सगळं भिंतीवर टांगलं. खाली उरले टेबलाचे पाय, आणि त्यांच्याखाली कडप्प्याचे तुकडे, कारण लाकूड कापलेल्या टोकाकडून जास्त पाणी पितं. गेल्या पावसाळ्यात दोनदा पाणी आत आलं. दोन्ही वेळा खराट्याने बाहेर लोटलं आणि थोड्या वेळाने पुन्हा कामाला लागले. बाबांना अशी रेघ मारून देणारं कोणी भेटलं असतं तर, असं दर पावसात मनात येतं.

विजेच्या कामाला तुम्ही हात लावला नाहीत, त्याचे वेगळे आभार. तुम्ही एवढंच केलंत की एक बल्ब फेज आणि अर्थिंगच्या भोकाला जोडून पाहिलात. पेटलाच नाही. प्लग तीन पिनांचे होते आणि तिसरी पिन कशालाच जोडलेली नव्हती. बाबांनी वर्षानुवर्षं त्याच प्लगवर ड्रिल चालवलं होतं. माझे हातपाय गार पडले. (वाचणाऱ्यांनी ही तपासणी स्वतः करू नये, वायरमनकडून करून घ्यावी.) “पुढचं लायसनवाल्याचं काम,” म्हणून तुम्ही बाजूला झालात. त्याने नवीन अर्थिंग केलं. गॅरेजसाठी वेगळी लाइन ओढली, ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, २० अँपिअरचा एमसीबी (जास्त भार आला की वीज तोडणारा) आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. अंगातून करंट जमिनीकडे जायला लागला तर हा आरसीसीबी डोळ्याचं पातं लवायच्या आत वीज तोडतो. सामान लोहार चाळीतून मी स्वतः आणलं. जुनी चोकवाली ट्यूबलाइटही तुम्ही काढायला लावलीत. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर ती सेकंदाला शंभर वेळा मंदावते आणि ठरावीक वेगाला फिरणारा ड्रिलचा चक थांबल्यासारखा दिसू शकतो. “फिरतंय ते फिरताना दिसलं पाहिजे.” आता तिथे एलईडी आहेत, आणि ड्रिलजवळ वेगळा दिवा.

टेबलाबद्दल मात्र मला जरा सविस्तर लिहायचंय. बाबांचं टेबल छत्तीस इंचांचं. त्यांची उंची पावणेसहा फूट, माझी पाच फूट दोन इंच. त्या टेबलावर रंधा मारताना माझे खांदे भरून यायचे. मला वाटायचं हातात ताकदच नाही. तुम्ही मला चपला काढून सरळ उभं केलंत, हात मोकळे सोडायला लावलेत आणि मनगटाच्या घडीपासून जमिनीपर्यंत टेप धरलात. तीस इंच. “रंधा हाताने नाही, कमरेने ढकलायचा. टेबल उंच असलं की कंबर कामाला येत नाही.” मग हात कोपरात दुमडायला लावून पुन्हा मोजलंत. ते माप व्हाइससाठी, म्हणजे काम घट्ट पकडणाऱ्या शिकंज्यासाठी, कारण कानस चालवताना व्हाइसचे जबडे कोपराच्या उंचीला हवेत. एकाच टेबलावर दोन्ही कामं होणार नव्हती, म्हणून व्हाइसला वेगळा घोडा केला. बाबांच्या टेबलाचे पाय कापायचे होते त्या दिवशी माझा हात चालेना. तुम्ही घाई केली नाहीत. “उद्या काप,” म्हणालात आणि गेलात. दुसऱ्या दिवशी चारही पाय मीच कापले. त्या टेबलावर आता तासन्‌तास रंधा मारला तरी खांदा बोलत नाही. कापलेले चार तुकडे मी जपून ठेवलेत.

बाबांच्या पटाश्या व्हिनेगरमध्ये ठेवल्या होत्या तेव्हाही तुम्ही वेळेत आलात. मी दोन दिवस ठेवणार होते. गंज खाऊन झाला की ते आम्ल पोलादच खायला लागतं, म्हणून रात्रीत बाहेर काढायच्या, सोड्याच्या पाण्याने धुवायच्या, पुसून लगेच मशीनचं तेल लावायचं. अकरापैकी नऊ वाचल्या. त्यांतली पाऊण इंची पटाशी दगडावर घासून तुम्ही माझ्या समोर पंजावरचे केस उतरवून दाखवलेत, आणि मला रडू आलं, कारण बाबाही तसंच करून दाखवायचे.

जवसाच्या तेलाच्या चिंध्यांबद्दलही सांगायला हवं, कारण हे फार लोकांना माहीत नाही. पहिल्या स्टुलाला तेल लावून मी चिंध्या गोळा करून बादलीत टाकल्या होत्या. तुम्ही बादलीत हात घातलात आणि माझा हात धरून आत नेलात. चिंध्या चक्क कोमट होत्या. जवसाचं तेल वाळताना हवेतला ऑक्सिजन घेतं आणि तापतं. चिंध्या एकावर एक असल्या तर ती उष्णता आतच कोंडते आणि आपोआप आग लागू शकते. तेव्हापासून चिंध्या अंगणात दोरीवर एकेरी सुकतात, आणि दाराशी आग विझवायचा सिलिंडर टांगलाय.

भुशाचंही तसंच. मी तोंडाला ओढणी बांधून घासत होते, तुम्ही चांगला मास्क आणायला लावलात. नंतर वाचलं तेव्हा कळलं की लाकडाची धूळ कर्करोगाला कारण ठरते, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ सालीच जाहीर केलंय. आता मास्क, एक्झॉस्ट पंखा आणि पॉलिश पेपर मारायचा तो शक्यतो अंगणात. ड्रिलवर ओढणी नाही, हातमोजे नाहीत, केस बांधलेले. आणि दुपारी दोन ते चार हातोडी बंद, कारण शेजारच्या आजी झोपतात. कायद्याने शांतता रात्री दहा ते सकाळी सहा. दुपारची वेळ तुम्ही सांगितलेली.

उन्हाळ्यात मी पहिला ड्रॉवर केला. इतका घट्ट बसला की मला कौतुक वाटलं. तुम्ही ओढून पाहिलात, ढकललात आणि म्हणालात, “थांब गो बाय. पाऊस येऊ दे.” तोवर ‘ताई’ची ‘बाय’ झाली होती, हे मला त्या क्षणी जाणवलं. जुलैत ड्रॉवर अडकला तो अडकलाच. दमट हवेत लाकूड आडवं फुगतं, लांबीत जवळपास नाही. वरून अर्धा सूत (इंचाचा सोळावा भाग) रंधून काढा, एवढं तुम्ही मे महिन्यातच सांगू शकला असतात. पण तुम्ही मला जुलैपर्यंत थांबवलंत. आता प्रत्येक ड्रॉवरला ती अर्ध्या सुताची फट माझा हात न सांगता सोडतो.

तुम्ही पैसे घेतले नाहीत. पाकीट पुढे केलं तर तुमचा चेहराच पडला. म्हणून मी परत कधी विषय काढला नाही. गावी जायच्या आदल्या दिवशी तुम्ही तुमचा माप घ्यायचा कॅलिपर टेबलावर ठेवून गेलात, शिकाऊ असताना गिरणीत स्वतःच्या हाताने घडवलेला. “गावाला मी काय मोजणार?” एवढंच म्हणालात. त्याच्या बिजागरीत अजून कणभर ढिलाई नाही.

रे रोडच्या वखारीतून आपण आणलेली जुन्या सागवानाची तुळई मी अजून कापलेली नाही. एक पावसाळा इथल्या हवेत राहू दे, म्हणाला होतात. निळ्या रेघेच्या वर, दोन ब्रॅकेटांवर आडवी ठेवलीय. खिळे सगळे काढले, मोजून सतरा निघाले. भाताची कापणी असते हे मला माहीत आहे, पण खंडेनवमीला दोन दिवस आलात तर बरं होईल. बाबांच्या पटाश्यांशेजारी तुमचा कॅलिपर पूजेला मांडणार आहे. दसरा झाला की तुळईवर पहिली रेघ तुम्ही मारा, करवत मी धरते.

तुमची,
पार्ल्याची बाय