लस तपासायला माकडं जंगलातून कुठवर पकडायची?

मा. संपादक,

2020 मधे कोवॅक्सिन माकडांवर तपासायची वेळ आली तेव्हा आपल्याकडे लॅबमधे वाढवलेली ऱ्हिसस माकडंच नव्हती, वनखात्याची माणसं ऐन लॉकडाऊनमधे जंगलं पालथी घालत फिरली, शेवटी नागपूरजवळ सापडली आणि मग पुण्याच्या एनआयव्हीने, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्थेने, 20 माकडांवर चाचणी केली. त्या सगळ्यांचे कष्ट मोठेच आहेत. पण जगाला लसी पुरवणाऱ्या देशावर ही पाळी का यावी?

जंगलातलं माकड दिसायला धडधाकट असतं, अंगात काय घेऊन फिरतंय ते कळत नाही. हर्पीस बी व्हायरस माकडाला फारसा त्रास देत नाही, माणसाला झाला आणि वेळेत औषध मिळालं नाही तर दहातली सात-आठ माणसं जातात. 1997 मधे अटलांटाच्या यर्क्स या माकडांवर संशोधन करणाऱ्या सेंटरमधे काम करणाऱ्या 22 वर्षांच्या मुलीला माकड चावलंही नव्हतं, डोळ्यात नुसता शिंतोडा उडाला आणि सहा आठवड्यांत ती गेली. 2021 मधे बीजिंगचा एक पशुवैद्य मेलेली माकडं चिरल्यानंतर आजारी पडून गेला. आणि जुनी पोलिओ लस आठवा, ऱ्हिससच्या किडनीच्या पेशींवर बनायची, त्यातून एसव्ही40 हा माकडांतला व्हायरस अमेरिकेत लाखो लोकांच्या अंगात गेला, त्या काळात माकडं बहुतेक आपल्याकडूनच जायची, निर्यात बंद झाली ती 1978 ला.

म्हणून एसपीएफ, म्हणजे ठरावीक रोगजंतू नसलेल्या माकडांची कॉलनी लागते. पण ती एका टेस्टने होत नाही हो! बी व्हायरस मज्जातंतूंच्या गाठीत दडून बसतो, अँटीबॉडी कधी इतक्या कमी असतात की रिपोर्ट निगेटिव्ह येतो. एसआरव्ही हा माकडांची प्रतिकारशक्ती खचवणारा व्हायरस, त्याचं तर असं की काही माकडांत व्हायरस असतो आणि अँटीबॉडी नसतातच, म्हणजे अँटीबॉडी शोधणारी एलायझा आणि खुद्द व्हायरस शोधणारी पीसीआर अशा दोन्ही टेस्ट करायला लागतात, शिवाय एसआयव्ही आणि एसटीएलव्ही हे माकडांतले आणखी दोन व्हायरस आहेतच. पिल्लं वयात यायच्या आत वेगळी काढायची, छोट्या गटात ठेवायची, पुन्हा पुन्हा रक्त तपासायचं, एक जरी पॉझिटिव्ह निघालं तर ते बाहेर आणि बाकी गटाच्या निगेटिव्ह टेस्टची मोजणी परत पहिल्यापासून. अमेरिकेने हे 1980 च्या दशकात सरकारी पैशावर सुरू केलं, तिथेही वर्षानुवर्षं लागली.

प्राण्यांवरचे प्रयोग कमी व्हावेत असं मलाही मनापासून वाटतं. पण एसआरव्हीने प्रतिकारशक्ती खचलेल्या माकडावर लस तपासली तर निकालच भरवशाचा नाही, मग परत आणखी माकडं.

माझं म्हणणं एवढंच की तीन वर्षांच्या प्रोजेक्टवर ही कॉलनी उभी राहणार नाही, केंद्राने निदान पंधरा वर्षांचा पैसा बांधून द्यावा, आणि पहिला खर्च पिंजरे धुणाऱ्या, खाणं देणाऱ्या माणसांवर करावा, डोळे झाकणारा शील्ड, चावलं-ओरबाडलं तर लगेच पंधरा मिनिटं जखम धुवायला नळ आणि अँटिव्हायरल औषध तिथल्या तिथे.

– एक वाचक, पुणे